मोंग्गो म्हणजे हो नव्हे

"हे तूच लिहिलंस? स्वतःच्या हाताने?" तिगोरने फोन पोनिरिनच्या नाकासमोर धरला.

पोनिरिनने चष्मा कपाळावर ढकलला. पडद्यावर आभाराच्या दोन इंग्रजी ओळी होत्या, त्यांच्या शेवटी एकच जावानी शब्द होता, मोंग्गो, आणि खाली त्याचं नाव.

"लिहिलं होतं," तो म्हणाला. "पण ते तसं नव्हतं."

"तसं नव्हतं म्हणजे कसं? त्या माणसाने विचारलं, इथून पुढे मी बघू का. तू म्हणालास मोंग्गो. त्याने बघितलं. आता घर तुझं आणि कुलूप त्याचं."

जावातल्या क्लातेनच्या तंत्रशाळेतली ती शिक्षकांची खोली, शुक्रवारची मधली सुट्टी. तिगोर सिंबोलोन इंग्रजी शिकवायचा. सुमात्रातल्या तोबा सरोवराच्या काठचा बटाक माणूस, नाव दोन भागांचं आणि भरभक्कम. आवाज असा की त्याने कानात गुपित सांगितलं तरी ते फाटकावरच्या रखवालदाराला कळावं. पोनिरिन अठ्ठावीस वर्षं त्याच शाळेत संगणक शिकवत होता. कुणी त्याच्या पायावर पाय दिला तर 'माफ करा, माझा पाय तुमच्या पायाखाली आलाय' म्हणणाऱ्यातला. शाळेत त्याला कधी कुणी चिडलेलं पाहिलं नव्हतं, आणि पोरांनी त्यासाठी प्रयत्न कमी केले होते असं नाही.

पण त्या सकाळी सहा वाजता तो जेनेंगमधली एक बारीक चूक दुरुस्त करायला बसला, तर पडद्यावर आलं, 'हा बदल करण्याचा तुम्हाला अधिकार नाही.' त्याने ते चार वेळा वाचलं. स्वतःच्या परसातल्या विहिरीवर बादली घेऊन जावं आणि कुणी विचारावं, आपण कोण? तसं झालं ते.

जेनेंग म्हणजे जावानीत नाव. पोनिरिनने चौदा वर्षांपूर्वी लिहिलेला कोड, आकाराने चिमूटभर. त्याचं काम एकच. संगणकावरच्या कुठल्याही अर्जात आडनावाचा रकाना रिकामा राहिला तर अर्जाने अडून बसायचं नाही, गुमान पुढे जायचं. जावात म्हाताऱ्याकोताऱ्यांना नाव एकच असतं. पाच दिवसांच्या बाजाराचा आठवडा. पोनच्या दिवशी जन्मला म्हणून पोनिरिन, लेगीच्या दिवशी जन्मली म्हणून त्याची आई लेगियेम. बुधवारी झालेल्याला बुधा म्हणावं तसंच. आता वाराला कुठलं आडनाव असतं? पण हे त्या अर्ज बनवणाऱ्या शहाण्यांना कोण सांगणार!

आणि पोनिरिनने हा कोड काही हौसेने लिहिला नव्हता. सोळा वर्षांपूर्वी लेगियेमच्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं होतं. इस्पितळाचा संगणक दुसऱ्या नावावाचून पुढे सरकेना. कारकुनाने मग नाव दोनदा टाकलं, लेगियेम लेगियेम. विम्याच्या कार्डावर ते एकदाच होतं. यंत्र म्हणालं, या दोन वेगळ्या बायका आहेत. गावच्या कचेरीचा दाखला आणला, तर जिल्ह्याचा मागितला. जिल्ह्याचा आणला तोवर तारीख गेली. पुढची तारीख मिळेपर्यंत डॉक्टरांनी मान हलवली. डोळा गेला. एका रिकाम्या रकान्यापायी एका बाईचा डोळा गेला, आणि कुणाचा काही दोष निघाला नाही. म्हातारी एवढंच म्हणाली, "असू दे, ले. अर्धं जग बघून झालंच होतं." ती त्याला अजूनही ले म्हणायची. लहान पोराला म्हणतात तसं.

पोनिरिन तेव्हाही कुणावर ओरडला नाही. दोन वर्षं तो शाळेतून आल्यावर शिकत राहिला आणि जेनेंग लिहिलं. असा कोड बरोबर चालतो की नाही हे तपासायला त्याच्याबरोबर चाचण्या लिहून ठेवायच्या असतात. त्याची चाचणी क्रमांक एक अशी होती: नाव, लेगियेम. दुसरं नाव, काही नाही. निकाल, स्वीकारा. ही चाचणी नापास झाली तर जेनेंगची नवी आवृत्ती बाहेरच पडायची नाही, असा त्याचा नियम होता.

मग त्याने ते ओपन सोर्स करून टाकलं. कुणीही घ्या, वापरा, बदला, फुकट. ते बसच्या तिकिटांत गेलं, परीक्षांच्या अर्जांत गेलं, कुठल्या कुठल्या देशांत गेलं. एकच नाव असलेली माणसं जगात काही थोडीथोडकी नाहीत. ब्रह्मदेशातून आभाराची पत्रं आली, मदुराईहून आली. सहा वर्षांपूर्वी त्याच इस्पितळात लेगियेमच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढायचा होता. खिडकीतल्या माणसाने नाव टाकलं, बटण दाबलं आणि म्हणाला, पुढचे या. बस, इतकंच. पोनिरिन बाहेर जाऊन मोटरसायकलींच्या रांगेमागे उभा राहून रडला. त्या दिवशी त्याने तिगोरला पोटभर गोरेंगान खाऊ घातली.

गोरेंगान म्हणजे तळण. गरम तेलातून काढलेलं सोयाबीनचं तेंपे, केळी, कोबीची भजी. आणि तेच नाव त्याच्या शुक्रवारच्या लेखाचं. आठवडाभरातल्या संगणकाच्या जगातल्या बातम्या तो तळून काढायचा. एका कंपनीने पासवर्ड लागणारा फ्रिज काढला तेव्हा त्याने लिहिलं, आमच्या सिम्बोकच्या, म्हणजे आईच्या, भाताच्या मडक्याला झाकण पुरतं. कोडमध्ये ओळ किती आत ढकलावी यावर ओपन सोर्सवाले नऊ महिने भांडले. त्याने लिहिलं, तेवढ्यात शेजारणीला जुळी झाली आणि त्यांची नावंसुद्धा वादाशिवाय ठरली. सगळं गोड, मऊ, कुणाला न बोचणारं. पाचसहा हजार लोक ते वाचायचे, हसायचे, विसरायचे.

त्या वाचणाऱ्यांत समुद्रापलीकडचा एक लेनार्ट होता. लोकांच्या ओळखी पडताळून द्यायचा धंदा करणाऱ्या एका कंपनीतला. पोनिरिनचे लेख तो भाषांतराच्या यंत्रातून वाचायचा आणि पत्रं लिहायचा. छान पत्रं. मग त्याने चुका दुरुस्त करायला सुरुवात केली, कामसू माणूस, म्हणून पोनिरिनने त्याला दुसरी किल्ली दिली, आपण गावाला जाताना शेजाऱ्याला देतो तशी. तीन महिन्यांनी लेनार्टने विचारलं, तुम्ही थकला असाल, इथून पुढे सगळं मी बघू का?

आता यावर जावानी माणूस काय म्हणणार? ओटीवर जेवायला बसलेला माणूस रस्त्याने जाणाऱ्याला मोंग्गो म्हणतोच. या, बसा, जेवा. आणि जाणारा म्हणतो, चालू द्या, आमचं झालंय. त्याचं झालेलं नसतं, याच्या मडक्यात जास्तीचा भात नसतो, पण दोघांचाही मान राहतो. तोंडावर नको म्हणणं हे पोनिरिनला जन्मात जमलं नव्हतं. त्याने लिहिलं, मोंग्गो. आणि लेनार्ट 'छे छे, तुम्हीच बघा' असं लिहील म्हणून वाट बघत बसला. लेनार्टने तो शब्द यंत्रात घातला. यंत्र म्हणालं, 'अवश्य, घ्या.' आणि हा गडी चपला काढून आत आला आणि ताटावर बसला! ओसरी दिली तर हातपाय पसरी म्हणतात, इथे तर नुसतं या म्हटलं होतं.

"आमच्याकडे जेव म्हटलं तर माणूस जेवतो," तिगोर म्हणाला. "आणि वर मासा मागतो. तुम्ही लोक जे म्हणता ते तुम्हाला नको असतं, आणि जे हवं असतं ते म्हणत नाही. भीड भिकेची बहीण, पाक पोन."

पाक म्हणजे आपलं राव; शाळेत सगळे त्याला पाक पोनच म्हणायचे. तिगोरने खुर्ची ओढली आणि कंपनीने काढलेली नवी आवृत्ती उघडून बघायला लागला. लेखकांच्या यादीत आता दोन नावं सक्तीची होती, म्हणून यंत्राने आपलं आपण ठरवून लिहिलं होतं, पोनिरिन पोनिरिन.

"बघ, आता तुम्ही दोघं झालात," तिगोर म्हणाला. "एकाने मोंग्गो म्हणत बसावं आणि दुसऱ्याने भांडावं."

बाजूच्या टेबलावरच्या गणिताच्या बाई हसल्या. पोनिरिनही ओठातल्या ओठात हसला, सवयीने. मग तिगोरचं बोट पडद्यावर खाली खाली गेलं आणि थांबलं. चाचण्यांची यादी दोनपासून सुरू होत होती.

"एक कुठेय?" तिगोरने विचारलं.

पोनिरिनने फोन हातात घेतला. काढलेल्या ओळी लाल रंगात दिसतात. नाव, लेगियेम. दुसरं नाव, काही नाही. निकाल, स्वीकारा. तिन्ही ओळींवर लाल रेघ, आणि खाली लेनार्टने कारण दिलं होतं, नव्या नियमानुसार दुसरं नाव आवश्यक असल्याने ही चाचणी आता लागू नाही.

"आसू," पोनिरिन म्हणाला.

आसू म्हणजे कुत्रा. जावातली ही शिवी बाजारात रोज हजार तोंडांतून निघते, पण त्या तोंडातून कधी निघाली नव्हती. गणिताच्या बाईंनी पुस्तक मिटलं. पोनिरिनचे कान लाल झाले होते. त्याने चहाचा पेला खाली ठेवला आणि पुन्हा म्हणाला, आसू. या वेळी जरा मोठ्याने.

दुपारपर्यंत ही गोष्ट जगभर गेली, कारण तिगोरने ती जाऊ दिली. ओपन सोर्सवाल्यांच्या चावडीवर त्याने सगळी हकीकत मांडली, चोर हा शब्द तीनदा वापरून. मग काय विचारता! चारशे बारा जणांनी मतं दिली, आणि त्यातल्या चारशे जणांनी जेनेंगबद्दल चकार शब्द काढला नाही. सगळे मोंग्गो या शब्दाला चिकटले. एक म्हणाला, लेखी संमती ती लेखी संमती. एक म्हणाला, मी बालीत सहा आठवडे राहिलोय, मोंग्गो म्हणजे हो. बालीत! तिथली भाषाच वेगळी, पण बोलायला काय जातं. एकीने समजावलं की पौर्वात्य संस्कृतीत मालकीची कल्पना नसते. एकाने पोनिरिनच्या फोटोवर मोंग्गो लिहून गंमतचित्र केलं, आणि संध्याकाळच्या आत दुसऱ्याने त्याचे टी-शर्ट विकायला काढले. म्हाताऱ्या आईच्या नावावर रेघ मारली, आणि यांना टी-शर्ट सुचले.

पोनिरिनने एकेक मत वाचलं. इतकी वर्षं तो स्वतः याच चावडीवरची भांडणं तळून लोकांना खाऊ घालत होता, गंमत म्हणून. आता कढईत कोण आहे ते त्याला कळत होतं, आणि त्याचा त्याला आणखीच संताप येत होता, लेनार्टचा नाही तर स्वतःचाच. चौदा वर्षं राखलेली गोष्ट एका गुळमुळीत शब्दावर घालवली. नको म्हणायला किती वेळ लागला असता?

सोमवारी शाळा सुटल्यावर लेनार्टशी बोलायचं ठरलं, समोरासमोर, पडद्यावर. तिगोर पोनिरिनच्या घरी येऊन शेजारी बसला. इंग्रजीला मदत म्हणून, आणि त्याच्या म्हणण्याप्रमाणे, मांडीला चिमटा काढायला म्हणून. "थँक्यू म्हणालास की काढलाच," त्याने बजावलं.

पडद्यावर लेनार्ट आला. तरणाबांड, गोरा, मागे स्वच्छ खिडकी. त्याने आधी गोरेंगानची स्तुती केली. फ्रिजवाला लेख त्याने आपल्या बायकोला वाचून दाखवला होता. मग तो मुद्द्यावर आला. त्याच्या कंपनीची गिऱ्हाइकं म्हणजे बँका, त्यांना दोन नावं लागतात. कोड खुलाच राहणार आहे. ज्याला एकच नाव चालवायचं असेल त्याला मागे एक बारीकसं बटण ठेवलंय, ते चालू करावं.

"कोण चालू करणार?" पोनिरिनने विचारलं. "इस्पितळातला कारकून?"

"जो कोणी यंत्रणा बसवतो तो."

"जेनेंग नावाने जिथे जिथे ते बसवलंय तिथे नवी आवृत्ती आपोआप जाते. कुणी विचारत नाही, कुणी बघत नाही. बटण आहे हेसुद्धा कुणाला कळणार नाही."

लेनार्टने मान डोलावली, फार समजुतीने. "पण मी तुम्हाला विचारलं होतं," तो म्हणाला. "मी न विचारता काही केलं नाही. तुम्ही अवश्य म्हणालात."

तो खोटं बोलत नव्हता, आणि तेच जिवाला लागत होतं. सरळसरळ चोर असता तर शिव्या घालता आल्या असत्या. पोनिरिन शब्द जुळवत होता तेवढ्यात मागच्या दारातून लेगियेम आली. हातात भाताची थाळी, वर तेंपेचे दोन तुकडे आणि मिरचीचा ठेचा. तिचं जेवण दुपारचं उशिराच व्हायचं. एका डोळ्याने तिने पडद्यावरचा चेहरा पाहिला. घरात बोलतोय म्हणजे पाहुणा. तिने थाळी जरा पुढे केली आणि कमरेत वाकून म्हणाली, "मोंग्गो, बाळा. जेवायला ये."

लेनार्टचा चेहरा उजळला. तोच शब्द! त्याने हसून विचारलं, आजी काय म्हणतायत? तिगोरने सांगायला तोंड उघडलं, पण पोनिरिनने हात आडवा केला.

"सिम्बोक, याला म्हणू नकोस."

"काय?"

"मोंग्गो. याला म्हणू नकोस."

म्हातारी गोंधळली. सत्तर वर्षांत तिला असं कुणी सांगितलं नव्हतं. दारात भिकारी येवो की वसुलीवाला येवो, तोंडात घास असताना मोंग्गो म्हणायचं राहिलं नव्हतं.

"समोर माणूस असला की म्हणायचं असतं, ले," ती हळू म्हणाली, पाहुण्याला ऐकू जाऊ नये म्हणून. "तो काय खरंच खातो का?"

"हा खातो," पोनिरिन म्हणाला.

लेगियेमने पडद्याकडे एकदा पाहिलं. मग तिने थाळी छातीशी ओढून घेतली, पाठ वळवली आणि आत गेली. तिला लाज वाटली होती, लेकाची की पाहुण्याची ते तिचं तिला ठाऊक.

"काय झालं?" लेनार्टने विचारलं.

"तिने तुला जेवायला बोलावलं," तिगोर म्हणाला. "आणि याने ते परत घेतलं."

"मला समजलं नाही."

पोनिरिन पुढे वाकला. त्याने स्वतःच्या मोडक्या इंग्रजीत सांगितलं, पुढेमागे कृपया नाही, आभार नाहीत, माफ करा नाही. "चाचणी क्रमांक एक. परत घाल. ती माझी आई आहे. आत्ता तुला जेवायला बोलावलं ना, ती."

क्षणभर वाटलं, लेनार्टला काहीतरी कळलं. मग त्याने सांगितलं की तो हे सहकाऱ्यांपुढे ठेवेल, सगळे मिळून नक्की बघतील. बघतील! बघतो म्हणजे काय हे जावातल्या माणसाला शिकवायला नको. त्यांच्याकडेही मोंग्गो असतो तर, पोनिरिनच्या मनात आलं. फक्त ते त्याला मोंग्गो म्हणत नाहीत, आणि आपण मात्र त्यावर विसंबून चालत आत शिरत नाही. त्याने नमस्कार न करता पडदा मिटला. तिगोरला चिमटा काढायची वेळ आलीच नाही.

ओपन सोर्समध्ये एक सोय असते. भात सगळ्यांचा असतो. चूल गेली तर दुसरी मांडता येते. पोनिरिनने जुन्या कोडची प्रत घेतली आणि वेगळा फाटा फोडला. जेनेंग हे नाव आता त्याला वापरता येत नव्हतं, म्हणून त्याने त्याला लेगियेम असं नाव दिलं. चाचणी क्रमांक एक जागेवर ठेवली. ज्यांचे ज्यांचे पत्ते माहीत होते त्या सगळ्यांना पत्रं पाठवली. एक्केचाळीस ठिकाणं नव्या चुलीवर आली. उरलेल्या हजारोंनी पत्र उघडलंही नाही. त्यांच्याकडे सगळं व्यवस्थित चाललं होतं.

त्या शुक्रवारच्या गोरेंगानमध्ये एकच बातमी होती. त्याने लिहिलं, 'मोंग्गो म्हणजे हो नव्हे. मोंग्गो म्हणजे तुम्ही नको म्हणाल यावर ठेवलेला विश्वास. तो मोडायला चोरी करावी लागत नाही, नुसतं हो म्हटलं तरी पुरतं. मी चौदा वर्षं तुम्हाला हसवलं. आज हसवणार नाही.' खाली कुणीतरी मत दिलं, आज तळण करपलं वाटतं. त्याला एकशे सहा जणांनी अंगठा दाखवला होता.

पुढच्या महिन्यात लेगियेमचा उजवा डोळा दाखवायची तारीख होती. वर्षातून एकदा दाखवावा लागायचा. पोनिरिन तिला मोटरसायकलवर मागे बसवून घेऊन गेला. इस्पितळ तेच, खिडकी तीच, आत डोक्यावर फिकट निळा रुमाल बांधलेली एक मुलगी नवीन.

"म्बाह, दुसरं नाव?" तिने आदबीने विचारलं. म्बाह म्हणजे आजी.

"एकच आहे, बाळ," लेगियेम म्हणाली.

मुलीने उसासा टाकला. "रिकामं ठेवलं की पुढे जात नाही, म्बाह. आधी जात होतं. गेल्या आठवड्यापासून काय झालंय कुणाला माहीत. वरच्या साहेबांनाही विचारलं, तेही म्हणाले आम्ही काही केलं नाही."

पोनिरिन खिडकीच्या कडेला धरून उभा होता. काय झालंय ते त्या अख्ख्या इमारतीत एकट्याला ठाऊक होतं. आसू हा शब्द जिभेवर आला होता. पण म्हणायचा कुणाला? या पोरीला? ती तर सकाळपासून शेकडो म्हाताऱ्यांची बोलणी खात बसली होती. त्याने तिला बटणाबद्दल सांगितलं. मागे कुठेतरी एक बटण आहे, ते चालू केलं की झालं. तिने एका कागदावर ते नीट लिहून घेतलं आणि म्हणाली, साहेबांना देते. ते बघतील.

"आत्ता पुरतं मी तिथे 'नाही' टाकते," ती म्हणाली. "सगळ्यांचं तसंच करतोय. कार्डाशी मी हाताने जुळवून घेईन, काळजी करू नका."

लांब बाकावर म्हातारे-म्हाताऱ्या दाटीने बसले होते. भिंतीवर उंच पडदा होता, त्यावर लाल अक्षरांत नाव यायचं आणि आतून एक यंत्रातली बाई ते वाचायची, गोड आवाजात.

"तुकिजो नाही. खोली क्रमांक दोन."

एक लुंगीतला म्हातारा गुडघ्यावर हात टेकून उठला. "नसलो तरी येतो बुवा," तो म्हणाला, आणि बाकावरचे हसले.

"साकिनेम नाही. खोली क्रमांक एक."

"वारियो नाही. खोली क्रमांक चार."

एकामागून एक नसलेली माणसं उठत होती आणि आत जात होती. पोनिरिन ऐकत होता. मग यंत्रातली बाई म्हणाली, "लेगियेम नाही. खोली क्रमांक चार."

लेगियेम हलली नाही. तिला इतक्या लांबून पडदा दिसत नव्हता, ऐकू मात्र चांगलं यायचं.

"ले, ती बाई काय म्हणाली?"

"तुझं नाव घेतलं, सिम्बोक."

"नाव घेतलं, आणि मी नाहीच असं म्हणाली."

पोनिरिनला हो म्हणवेना, नाही म्हणवेना. त्याने नुसती मान हलवली.

"मग बसते," लेगियेम म्हणाली. तिने लुगड्याचा काठ सारखा केला, पिशवी मांडीवर घेतली आणि पाठ ताठ करून बसली. "नसलेल्या बाईने कशाला उठायचं?"

यंत्राने दुसऱ्यांदा पुकारलं, मग तिसऱ्यांदा. बाकावरचे तिच्याकडे बघायला लागले. पोनिरिनही उठला नाही. मायलेक शेजारी शेजारी बसून राहिले.

शेवटी चार नंबरच्या खोलीचं दार उघडलं. हातात कागद घेतलेली एक परिचारिका बाहेर आली. तिने कागदाकडे पाहिलं, बाकाकडे पाहिलं, मग कागद खाली केला आणि जराशी वाकली.

"म्बाह लेगियेम? मोंग्गो, म्बाह."

लेगियेम उठली. बसलेल्यांच्या पुढून जाताना खाली वाकून, उजवा हात पुढे करून ती प्रत्येकाला म्हणत गेली, मोंग्गो, मोंग्गो, आणि एकेक जण पाय आवरून घेत तिला उलट म्हणत गेला, मोंग्गो. दार लागलं. पोनिरिनने तिची पिशवी उचलून तिच्या रिकाम्या जागेवर ठेवली, दुसरं कुणी बसू नये म्हणून. वर पडद्यावर लाल अक्षरांत अजून लेगियेम नाही असंच लिहिलेलं होतं.